नाशिकमध्ये बेरोजगारी खरंच ३ टक्केच आहे का? सरकार मोजतं कसं?

तुम्ही विचारलंय की बातम्यांमध्ये बेरोजगारी ३ टक्क्यांच्या आसपास सांगतात आणि इकडे सिडकोत आमच्या एका गल्लीत चार-पाच पोरं घरी बसलेली आहेत, मग सरकार खोटं बोलतंय का. खोटं नाही बोलत. पण आपण "बेरोजगार" म्हणतो तो माणूस आणि सर्वेतला बेरोजगार हे दोन वेगळे लोक आहेत, सगळा घोळ तिथे होतो.

गेल्या वर्षी आमच्या सातपूरच्या घरी हा सर्वे झाला, त्याला पीएलएफएस म्हणतात, म्हणजे श्रमशक्तीचं सर्वेक्षण. टॅबलेट घेऊन ओळीने चार महिने आले, महिन्यातून एकदा. माझा मामेभाऊ आमच्याकडे राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. पहिल्या वेळी त्याने सांगितलं अभ्यास चालू आहे, काम शोधत नाही, तर तो झाला विद्यार्थी, म्हणजे रोजगारातही नाही आणि बेरोजगारही नाही, हिशोबाच्याच बाहेर, कारण दर काढताना भागायला फक्त काम करणारे अधिक काम शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असलेले एवढेच घेतात. पुढच्या महिन्यात काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन दिवस गल्ल्यावर बसला होता, पैसे काही मिळाले नाहीत, पण घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतही काम धरतात आणि सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. झाला रोजगारात! तिसऱ्या महिन्यात दुकानात गेला नव्हता, अंबड एमआयडीसीत दोन कंपन्यांत अर्ज टाकले होते, तेव्हा कुठे तो बेरोजगार ठरला. मुलगा तोच, खोली तीच, खिशात तेव्हाही काही नव्हतं आणि आताही नाही. बरं, ही एक तासाची अट आपल्या सरकारने शोधलेली नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येतून आलीये, जगभर तीच चालते.

आता दुसरी गोष्ट, माप एकच नाहीये. १९७० साली बेरोजगारी कशी मोजायची हे ठरवायला नेमलेल्या दांतवाला समितीने स्पष्ट सांगितलं होतं की आपल्याकडे बेरोजगारी एका आकड्यात मावणार नाही, आणि मग १९७२-७३ पासून तीन मापं आली. वर्षभराचं, आठवड्याचं आणि दिवसाचं. वर्षभराच्या मापात वर्षात ३० दिवस जोडकाम केलं असेल तरी तो माणूस कामात धरला जातो. दिवसाच्या मापात अर्धा-अर्धा दिवस मोजायचे. २०११-१२ मध्ये याच देशात याच लोकांवर वर्षाच्या मापाने २.२ टक्के, आठवड्याच्या मापाने ३.७ आणि दिवसाच्या मापाने ५.६ आले होते. एकच वर्ष आहे हे, लक्षात घ्या! आता पीएलएफएसच्या अहवालात पहिली दोनच असतात. तुम्ही वाचलेला ३ च्या आसपासचा आकडा वर्षाच्या मापाचा, २०२३-२४ ला देशाचा ३.२ होता (२०१७-१८ ला हाच ६.१ होता, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता), आणि एप्रिल २०२५ पासून जे दर महिन्याला येतं, पहिल्यांदा ५.१ आलं, ते आठवड्याचं. लोक हे दोन्ही शेजारी ठेवून वाढली-घटली म्हणून भांडत बसतात, तसं करू नका प्लीज.

सरकारी रोजगार केंद्रातल्या नोंदणीचे आकडे तर यासाठी वापरूच नका. तिथे नाव नोंदवायचं की नाही ही आपली मर्जी आणि नोकरी लागल्यावर कोण जाऊन नाव काढतं, मीही काढलं नव्हतं.

नाशिक जिल्ह्याचं म्हणाल तर जानेवारी २०२५ पासून सर्वेची घरं निवडताना जिल्हा हा पायाभूत घटक धरायला लागलेत, ही खूप चांगली गोष्ट झालीये. पण देशभरात मिळून वर्षाला साधारण २ लाख ७२ हजार घरं, महिन्याच्या बुलेटिनमध्ये देशाचे आकडे येतात, तिथे नाशिकची ओळ शोधू नका. कुणी व्हॉट्सॲपवर "नाशिकचा या महिन्याचा दर" पाठवला तर आधी विचारा कुठल्या मापाचा.

आणि समजा उद्या तालुकावार दर आलाच, तर माझी खात्री आहे की सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी तालुक्यांचा दर नाशिक शहरापेक्षा कमी दिसेल. ऐकायला विचित्र वाटतं पण राज्याराज्यांतही हेच आहे, केरळ ७ च्या वर आणि मध्य प्रदेश १ च्या आसपास, म्हणून काय केरळची पोरं कामाला मध्य प्रदेशात जातात का? शिकलेला, घरचा थोडा आधार असलेला मुलगा मनासारख्या नोकरीसाठी थांबू शकतो, म्हणून तो बेरोजगारांत मोजला जातो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर आहे त्याला थांबता येत नाही, मिळेल ते करतो, आणि आकडा छान दिसतो. मला खरा राग याचाच येतो.

दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या छाटणीला, थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) सुरगाण्याच्या बायका पिकअपमध्ये उभ्या राहून येतात, तुम्हीही बघितल्या असतील. ऑक्टोबरपासून खुडा संपेपर्यंत त्यांना काम असतं. पावसाळ्यात गावी भाताची, नागलीची लावणी. ती आटोपली की श्रावण-भाद्रपदात हाताला काम नाही. वर्षाच्या मापात त्या बाई बाराही महिने रोजगारात. आठवड्याच्या मापात त्या बेरोजगार दिसतील, पण सर्वेवाला नेमका त्याच दिवसांत त्यांच्या पाड्यावर पोचला, त्या आठवड्यात त्यांनी घरच्या वावरात एक तासही निंदणी केलेली नसली आणि काम मिळालं असतं तर गेले असते असं त्यांनी सांगितलं, तरच.