रबाळे एमआयडीसीत कन्व्हेयरच्या व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) आर्डुइनो उनोच्या पीडब्ल्यूएममधून (चालू-बंद पल्समधून) ०–१० व्होल्ट कसे द्यावेत?

पिन ९ ला १० किलोओहम रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरड कपॅसिटरचा आरसी फिल्टर लावा, त्यापुढे दुप्पट गेनवर, म्हणजे व्होल्टेज दुप्पट करणारा, एलएम३५८ ऑप-अँप (अ‍ॅम्प्लिफायर चिप). वागळे इस्टेटमध्ये पॅनेल बनवताना मी हीच जोडणी करतो. ४९० हर्ट्झच्या पल्सची सरासरी कपॅसिटरवर जमते, लहर जेमतेम २५ मिलिव्होल्ट उरते. व्होल्टेज स्थिरावायला अर्धा सेकंद लागतो, पण कन्व्हेयरला तो चालतो. एलएम३५८ ला सप्लाय १२ ते १५ व्होल्टचाच द्या, ५ वर १० व्होल्ट निघणारच नाहीत. आणि कृपा करून या फिल्टरवर थेट मोटर जोडू नका, हा फक्त सिग्नल आहे. छोट्या डीसी मोटरला तर फिल्टर नकोच: पल्स लॉजिक लेव्हल मॉस्फेटच्या (५ व्होल्टवर पूर्ण चालू होणाऱ्या ट्रान्झिस्टर स्विचच्या) गेटला द्या, मोटरवर उलटा डायोड टाका, करंट वाइंडिंगच सपाट करतं.