ग्लेझ दह्यासारखं होतंय अन् फोड येतायत? आधी व्हाइटिंगची गोणी तपासा

दादा, तुम्ही लिहिलंय की रेसिपी जुनीच, भट्टी तीच, तरी नवीन माल आल्यापासून ग्लेझ (मातीच्या भांड्यांवर भाजून चढवतात तो काचेसारखा लेप) बादलीत दह्यासारखं घट्ट होतंय आणि 1220 अंशाला भाजताना त्यावर फोड येतायत. हे वाचून पोटात गोळाच आला, माझं अगदी हेच झालं होतं.

चाळणं, पाणी वगैरे तुम्हाला येतंच. मी लातूरची, आमचं बोअरचं पाणी लई जड, त्यामुळं मी आधी पाण्यालाच दोष दिला, फिल्टरचे जार आणले. फरक शून्य. मग ग्लेझमधल्या खनिजांपैकी क्वार्ट्झ वाढव, फेल्डस्पार कमी कर, भट्टी हळू चढव, असं करत चार महिने अन् एक पूर्ण ऑर्डर घालवली. चूक रेसिपीत नव्हतीच, गोणीत होती. व्हाइटिंग (ग्लेझमध्ये घालतात ती कॅल्शियम कार्बोनेटची पावडर) म्हणून दुकानदारानं दिलेली 'खडू पावडर' फळ्याच्या खडूची निघाली, म्हणजे जिप्सम! विचारलं तर म्हणे "ताई, खडू म्हणजे खडूच." बिलावर पण नुसतं 'पावडर' लिहिलेलं. याचा राग अजून गेला नाही, कारण एक शब्द नीट लिहिला असता तर माझी ऑर्डर वाचली असती.

जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, त्यातलं कॅल्शियम मातीचे कण एकत्र गोळा करतं म्हणून ग्लेझ घट्ट होतं, आणि वरच्या तापमानाला त्यातून गंधकाचा वायू निघतो, तेच फोड. पाणी ओतून पातळ करत बसू नका, थर पातळ बसतो आणि दुसरीच भानगड सुरू होते.

चमचाभर पावडरीवर लिंबू पिळा. खरं व्हाइटिंग फसफसतं, जिप्सम गप्प बसतं. पण फसफसलं म्हणजे माल शुद्ध, असं नाही हं. म्हणून 10 ग्रॅम वाटीत घालून बिस्कसोबत (ग्लेझ लावायच्या आधीच्या पहिल्या भाजणीसोबत) 1000 अंशाला भाजा. व्हाइटिंगचे साधारण 5.6 ग्रॅम उरतात, जिप्समचे 8 च्या आसपास. भाजलेल्या व्हाइटिंगचा चुना होतो, त्याला हात लावू नका, पाणी पण टाकू नका.

मी काही केमिस्ट नाही, तुमच्याकडं कारण वेगळंही असू शकतं. पण माझं ठाम मत आहे, नवीन गोणी आली की 100 ग्रॅमचं ग्लेझ करून उभ्या टाइलवर भाजल्याशिवाय मोठी बादली कालवायचीच नाही, आणि जुन्या गोणीतलं मूठभर तारीख टाकून बरणीत ठेवायचं. आणि हो, क्वार्ट्झ मोजताना मास्क लावा, ओढणी-रुमालानं ती धूळ थांबत नाही.

लिंबाचं काय झालं ते कळवा.