उपाशी माशाच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक वाढते, तरी मासा का वाढत नाही?

हा विरोधाभास बराचसा संप्रेरकाच्या नावामुळे निर्माण झाला आहे. पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे वृद्धिसंप्रेरक स्नायूंची व हाडांची वाढ बऱ्याच अंशी यकृतामार्फत घडवते. यकृत त्याला प्रतिसाद म्हणून आयजीएफ-१ हे इन्सुलिनसदृश संप्रेरक रक्तात सोडते आणि पेशींपर्यंत वाढीचा निरोप मुख्यतः तेच पोहोचवते. उपासमारीत, उदाहरणार्थ रेनबो ट्राउट माशात, इन्सुलिन घटते, यकृत वृद्धिसंप्रेरकाला पुरेशी दाद देत नाही आणि आयजीएफ-१ची पातळी खाली येते. परिणामी आयजीएफ-१चा पीयूषिकेवरील लगाम सैल पडून वृद्धिसंप्रेरक उलट अधिकच स्रवते. हा जादा स्राव वाया मात्र जात नाही, कारण तो साठलेल्या चरबीचे विघटन घडवून माशाला तगून राहण्यापुरती ऊर्जा पुरवतो. (सामन माशात तर हेच संप्रेरक नदीतून समुद्रात जाताना कल्ल्यांची क्षार बाहेर टाकण्याची क्षमताही वाढवते, त्यामुळे ‘वृद्धिसंप्रेरक’ हे नाव मला अपुरे वाटते.) वाढीचा अंदाज रक्तावरून घ्यायचाच असेल, तर आयजीएफ-१ अधिक उपयोगी ठरते, मात्र पाण्याचे तापमान आणि माशाची लैंगिक परिपक्वता यांचाही त्यावर परिणाम होतो.