डायरेक्ट क्रिमेशनची योजना घेण्याआधी मृत्युपत्र करा

लेस्टर येथील ६७ वर्षांच्या एका निवृत्त वाचकांना स्वतःसाठी व पत्नीसाठी 'डायरेक्ट क्रिमेशन'ची (कुटुंबीयांच्या उपस्थितीविना कंपनीकडून होणाऱ्या दहनाची) आगाऊ योजना घ्यावयाची आहे. प्रत्येकी १,७०० पौंड एकरकमी भरावेत की हप्त्याने, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलगा आणि मुलगी दूर राहतात, त्यांची धावपळ होऊ नये, हा हेतू. पत्राच्या ओघात त्यांनी आणखी काही गोष्टी कळविल्या आहेत. लेस्टरचे घर आणि ४०,००० पौंडांची बचत पती-पत्नीच्या संयुक्त नावावर आहे. कोथरूड येथील सुमारे १ कोटी २० लाखांची सदनिका त्यांच्या एकट्याच्या नावावर असून सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव आहे. नव्वदीच्या आई भावाकडे राहतात. आणि "सगळे पत्नीलाच मिळणार" म्हणून मृत्युपत्र केलेले नाही.

सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण खरी चिंतेची बाब या शेवटच्या वाक्यात आहे.

ही योजना आपल्याला आज एकरकमीही नको आणि हप्त्यानेही नको. दोघांचे मिळून ३,४०० पौंड होतात आणि त्याच्या दहापटीहून अधिक रक्कम आपल्या संयुक्त खात्यात आहे; एकाच्या पश्चात ती दुसऱ्याला तत्काळ वापरता येईल. शिवाय आपण दरवर्षी हिवाळ्याचे चार महिने पुण्यात काढता. अशा योजना बहुधा ब्रिटनपुरत्याच लागू असतात, त्यामुळे प्रसंग पुण्यात ओढवला तर वैकुंठ स्मशानभूमीत त्यांचा काहीही उपयोग होणार नाही. तरीही घ्यावयाचीच असेल, तर फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या ब्रिटनच्या वित्तीय नियामक संस्थेची मान्यता असलेल्या कंपनीकडूनच घ्यावी. २९ जुलै २०२२ पासून हे नियमन लागू झाले. त्याच वर्षी, त्याआधी, अशा योजना विकणारी सेफ हँड्स ही कंपनी बुडाली आणि सुमारे ४६,००० ग्राहकांचे पैसे अडकले.

पत्नी या कल्पनेला फारशा राजी नाहीत, असे आपण एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्या ओळीवर थांबावे. डायरेक्ट क्रिमेशनमध्ये दिवस, वेळ आणि दाहगृह कंपनी ठरवते, कुटुंबातील कोणीही उपस्थित नसते आणि अस्थी नंतर हाती येतात. लेस्टरच्या गिलरोज दाहगृहात आपल्या लोकांमध्ये मुलगा शेवटी बटण दाबतो, तेवढाही क्षण यात उरत नाही. आपली तशीच मनापासून इच्छा असेल तर ती आदरणीय आहे. परंतु ती पत्नी आणि मुलांशी बोलून एका साध्या पत्रात लिहून ठेवता येते व त्याला काहीही खर्च येत नाही. इंग्लंडच्या कायद्यात अशी इच्छा मृत्युपत्रात लिहिली तरी बंधनकारक नसते, म्हणून घरच्यांना ती आधी ठाऊक असणे महत्त्वाचे.

आता आपण पंचावन्नाव्या वर्षी घेतलेल्या 'ओव्हर फिफ्टीज' विम्याविषयी, म्हणजे पन्नाशीपुढील लोकांसाठीच्या, मृत्यूनंतर ठरावीक रक्कम देणाऱ्या आयुर्विम्याविषयी. महिना २५ पौंड, म्हणजे वर्षाला ३००. बारा वर्षांत ३,६०० भरून झाले आणि मिळणार ठरलेले ४,५००. अशी योजना अंत्यसंस्काराची सोय म्हणून विकली जाते, याची मला चीड येते. सनलाइफ या विमा कंपनीच्याच पाहणीनुसार साध्या अंत्यसंस्काराचा सरासरी खर्च २००४ मध्ये १,८३५ पौंड होता, तो २०२५ च्या अहवालात ४,२८५ झाला. आपले ४,५०० मात्र आहेत तिथेच राहणार. भरलेले पैसे परत येणार नाहीत, तेव्हा फक्त पुढचा हिशोब करावा. आपल्या वयाच्या पुरुषाला सरासरी सोळा-सतरा वर्षांचे आयुष्य असते, म्हणजे अजून सुमारे ५,००० पौंड भरून ४,५०० मिळवायचे. गंभीर आजार नसेल तर हप्ते थांबवावेत.

आता मुख्य मुद्दा. "सगळे पत्नीलाच" हे इंग्लंडमध्ये आपल्याबाबत बरेचसे खरे ठरेल, कारण घर आणि बचत संयुक्त नावावर आहे. भारतातील स्थावर मालमत्तेला मात्र भारताचा कायदा लागतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र नसल्यास पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना समान वाटा मिळतो. म्हणजे कोथरूडच्या सदनिकेतील पत्नीचा हिस्सा फक्त ३० लाखांचा. पुढे आईंनीही मृत्युपत्र केले नाही, तर त्यांच्या ३० लाखांपैकी निम्मे भावाकडे जातील, उरलेले निम्मे आपल्या मुलांकडे; पत्नीला त्यातून काही मिळणार नाही. एका सदनिकेचे असे तुकडे झाल्यावर ती विकण्यासाठी प्रत्येक सहहिस्सेदाराची सही लागते, आणि त्या सह्या जमवण्याचे काम दुःखात असलेल्या, इंग्लंडमधून ये-जा करणाऱ्या आपल्या पत्नीवर पडेल. त्यात नॉमिनी भाऊ. महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेते; मालकी वारसांचीच राहते. भाऊ सज्जन असतील, आहेतच, असे आपण लिहिता. पण नॉमिनीचे नाव लागले म्हणजे मालकी आली असा समज घराघरांत आहे, आणि सज्जन माणसांचेही या समजातून वर्षानुवर्षे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे.

म्हणून दोन मृत्युपत्रे करावीत: इंग्लंडमधील मालमत्तेसाठी तेथील सॉलिसिटरकडून आणि भारतातील मालमत्तेसाठी पुण्याच्या वकिलाकडून. भारतातील मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकांकडे ती करून घ्यावी. दोन्ही वकिलांना एकमेकांचे मसुदे अवश्य दाखवावेत, कारण "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे इंग्लंडमधील छापील वाक्य पुण्याचे मृत्युपत्र नकळत पुसून टाकू शकते. पुण्याच्या मृत्युपत्रात व्यवस्थापक (एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून भावाला नेमता येईल. त्यांना जबाबदारीही मिळेल आणि संभ्रमही राहणार नाही. सोसायटीतील नॉमिनी बदलून पत्नीचे नाव लावावे. सदनिकेचे भाडे जुन्या निवासी बचत खात्यात जमा होत असेल, तर याच फेरीत ते खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते) करून घ्यावे.

आईंशीही बोलावे. त्यांची स्वतःची काही मालमत्ता असेल, तर त्यांनीही आताच, भाऊ व आपण दोघे समोर असताना, मृत्युपत्र करावे. नव्वदीच्या व्यक्तीसाठी डॉक्टरांचा मानसिक सक्षमतेचा दाखला त्याच दिवशी घ्यावा.