शिंगरू उठत नाही, ओढत नाही
पशुवैद्यांना विचारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची वरातीची घोडी गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला व्याली. शिंगरू जिवंत होतं, पण तीन तास झाले तरी उभं राहिना आणि सड तोंडात दिला तरी ओढेना. डॉक्टर पहाटे येणार होते. तोवर उपाशी कसं ठेवायचं म्हणून कट्ट्यावरचं म्हशीचं दूध बाटलीनं पाजलं. थोडं नाकातून आलं. सकाळी नऊच्या सुमारास शिंगरू दगावलं. कुठं चुकलं? पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं?
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : शिंगरू आधीच आजारी होतं. त्यामुळं नुसत्या दुधानं ते गेलं असं म्हणता येत नाही. पण दूध नाकातून आलं याचा अर्थ काही दूध फुप्फुसातही गेलं असणार, आणि अशक्त शिंगराला तेवढं पुरतं. ज्याला ओढता येत नाही, त्याला बाटली द्यायचीच नाही. हे तपासणं सोपं आहे. हात धुऊन एक बोट शिंगराच्या तोंडात घाला. जीभ बोटाभोवती गुंडाळून जोरात ओढली तर बाटली चालेल. जीभ थंड, ढिली पडून राहिली तर डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाजणं हाच मार्ग. ओढणाऱ्या शिंगरालाही आडवं पाडून किंवा मान वर ताणून पाजू नका. बाटली घोडीच्या कासेच्या उंचीवर धरा, मान पुढं जाऊ द्या, नाक डोळ्यांच्या खाली राहू द्या.

निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत पितं. घोडीचा जार, म्हणजे वार, तीन तासांत पडायला हवा. दोन तास होऊनही उभं नाही किंवा तीन तास होऊनही प्यायलेलं नाही, तर ती तातडीची केस समजा. पहाटेची वाट पाहू नका. जन्मलेल्या शिंगराच्या अंगात साखरेचा साठा जेमतेम असतो, ओढलं नाही तर काही तासांतच ते गळतं. फोनवर ‘शिंगरू बरं नाही’ एवढंच सांगू नका. किती वाजता व्याली, उभं राहिलं का, ताप किती, हे सांगा, म्हणजे डॉक्टर सामान घेऊन निघतात. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक 1962 आहे. पडलेला जार बादलीत झाकून ठेवा. तो पूर्ण पडला का, त्यात संसर्ग दिसतो का, हे डॉक्टर बघतात.

तोवरची कामं क्रमानं करा. आधी टॉवेलनं रगडून अंग कोरडं करा. मग शिंगराला पोटावर बसवा, पुढचे पाय दुमडलेले, दोन्ही बाजूंनी वाळल्या गवताच्या पेंढ्यांचा टेकू. कुशीवर सपाट पडलेल्या शिंगराचं खालचं फुप्फुस नीट फुगत नाही. बसत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला. खाली कोरडं, धूळ नसलेलं अंथरूण हवं. उसाचं पाचट हाताशी असतं खरं, पण ते बुरशीचं असेल तर नकोच.

थर्मामीटर गुदद्वारात लावा. 99 ते 102 फॅरनहाइट ठीक. 99 च्या खाली गेलं तर घोंगडी आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या वापरा, अंगाला थेट टेकवल्या तर कातडी भाजते. बंद गोठ्यात शेगडी पेटवू नका, धूर फुप्फुसाला मारतो. तापमान 97 च्या खाली असेल तर तोंडानं किंवा नळीनं दूध द्यायचं नाही. थंड पडलेलं आतडं हलत नाही, दूध आतच कुजतं. अंग हळूहळू गरम करा आणि ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा. माणसांचं ग्लुकोमीटर घरात असेल तर एक थेंब रक्त बघायला हरकत नाही. 60 च्या खालचा आकडा आला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आता चीक. पहिल्या 6 ते 8 तासांत 40 किलोच्या शिंगराला निदान एक लिटर चांगला चीक पोटात जायला हवा, दर तासाला 200 ते 250 मिली याप्रमाणे. 18 ते 24 तासांनंतर आतडं चिकातली प्रतिद्रव्यं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, रक्तात घेणं बंद करतं. मग तोच चीक नुसतं दूध ठरतो. घोडीचा चीक पिवळट आणि चिकट असतो. विण्याआधी बरेच दिवस सडांतून दूध गळत असेल तर चीक वाहून गेला असं धरा आणि डॉक्टरांना आधीच सांगा. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवा, 40 अंश सेल्सियसच्या वर नेऊ नका. गॅसवर ठेवला की खरवस होतो, आणि शिंगराला खरवस काय कामाचा? प्रतिद्रव्यं प्रथिनंच असतात, उष्णतेनं तीही थिजतात. 18 ते 24 तासांनी रक्तातली आयजीजी, म्हणजे चिकातून आलेली प्रतिद्रव्यं, तपासून घ्या. 800 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर समाधानकारक. 400 च्या खाली गेली तर शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, द्यावा लागतो. ते गोठ्यातलं काम नाही, दवाखान्यात किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी करावं.

एक खूण अनेकांच्या नजरेतून निसटते. शिंगरू कासेखाली उभं असतं म्हणून मालक निश्चिंत असतो. पण कास दगडासारखी तटतटलेली आणि शिंगराच्या कपाळावर-डोळ्यांवर वाळलेल्या दुधाचे ओघळ असतील, तर ते कासेला ढुसण्या देतंय, पीत नाही.

कधी कधी शिंगरू चांगलं जन्मतं, उभं राहतं, पितं, आणि काही तासांनी घोडीला ओळखेनासं होतं. भिंत चाटतं, कोपऱ्यात डोकं खुपसून उभं राहतं. छातीभोवती दोरीचे वेढे घालून वीस मिनिटं दाब देण्याचा उपाय अशा शिंगराला लागू पडू शकतो. बरगड्या मोडलेल्या नाहीत हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय तो करू नका.

प्रश्न : घोडी विल्यानंतर दोन दिवसांत गेली. शिंगरू बाटलीनं चांगलं ओढतं. म्हशीच्या दुधात पाणी आणि साखर घालून देतोय, पण जुलाब थांबत नाहीत.
– हातकणंगले

उत्तर : म्हशीचं दूध कितीही सकस असलं तरी त्यात 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो. घोडीच्या दुधात तो साधारण 2 टक्के किंवा कमी, आणि दुग्धशर्करा जास्त. पाणी घातलं की स्निग्धांश उतरतो, पण बाकीचंही उतरतं. साखर तर बंदच करा, ती पचवणारं विकर शिंगरात फार कमी असतं. गाईचं दूध उकळून थंड करा, साय पूर्ण काढा आणि एका लिटरला 20 ग्रॅम साधी ग्लुकोज पावडर घाला, संत्र्याच्या चवीची नको. शेळीचं दूधही चालतं. अशक्त शिंगराला आधी वजनाच्या 10 टक्के दूध, म्हणजे 40 किलोला दिवसाला 4 लिटर. दर दोन तासांनी साधारण 330 मिली, रात्रीही. पचलं की हळूहळू 20 टक्क्यांपर्यंत न्या. जुलाबात डोळे खोल गेले किंवा ओढणं मंदावलं तर डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न : सहा दिवसांचं शिंगरू मागच्या पायानं लंगडतंय, सांधा गरम आहे. घोडीनं पाय दिला असावा. लेप लावू का?
– शिरोळ

उत्तर : नको. या वयात गरम, सुजलेला सांधा म्हणजे रक्तातून आलेला संसर्ग, असंच धरून चालायचं. घोडीनं पाय दिला हे मालकाचं पहिलं अनुमान बहुधा चुकतं, आणि त्यात दोन दिवस जातात. सांध्यातली कूर्चा झपाट्यानं झडते. त्याच दिवशी सांध्यातलं पाणी तपासून आतून धुवावं लागतं, सोबत शिरेतून प्रतिजैविकं. दुखणं कमी करणारं इंजेक्शन स्वतः देऊ नका, पाणी कमी झालेल्या शिंगराच्या मूत्रपिंडाला आणि जठराला ते घातक ठरतं.

संसर्ग बऱ्याचदा बेंबीतून शिरतो. नाळ आपोआप तुटू द्या, ओढू नका. मग 0.5 टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये बेंबी बुडवा, दिवसातून दोन-तीनदा, तीन दिवस. तीव्र टिंक्चर आयोडीन कातडी जाळतं. हळद, शेण, राख काहीच लावू नका. तीन दिवसांनंतरही बेंबी ओली दिसली किंवा तिथून लघवी ठिबकली, तर ‘वाळायचं राहिलंय’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.