होडीची भागी ‘डिझॉल्व्ह’ झाली, हे मराठीत कसं लिहायचं?

दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दोघांनी भागीत यांत्रिक नौका घेतली होती, आता दोघेही राजीखुशीने वेगळे होताहेत. करारनामा इंग्रजीत आहे आणि त्यात ‘डिझॉल्व्ह’ हा शब्द आहे. वर्तमानपत्रात मराठी नोटीस द्यायची, तर कुठला शब्द घालायचा? ‘बरखास्त’ लिहिलं तर कोणीतरी हाकलून दिल्यासारखं वाटतं. ‘विसर्जन’ लिहिलं तर घरची मंडळी म्हणतात, होडीचं विसर्जन म्हणजे होडी बुडाली की काय! आणि बंदरावर सगळे नुसतं ‘भागी मोडली’ म्हणतात.

माझं उत्तर आधीच सांगतो. नोटिशीत ‘विसर्जित’ लिहा, बोलताना खुशाल ‘मोडली’ म्हणा, ‘बरखास्त’ मात्र टाळा.

‘बरखास्त’बद्दल तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर आहे. शब्द फारसीतून आला, मुळात त्याचा अर्थ ‘उठणे’. दरबार बरखास्त झाला म्हणजे दरबार उठला, एवढंच. पुढे त्याला वरून आलेल्या हुकमाचा वास लागला. मच्छीमार सोसायटीचं संचालक मंडळ बरखास्त होतं, तेव्हा बसलेल्यांना उठवलं जातं आणि प्रशासक येतो. सोसायटी जागेवरच असते, तिचं डिझेल वाटप चालू राहतं. सोसायटीच गुंडाळायची असेल तर सहकार खात्याच्या भाषेत ती ‘अवसायनात’ जाते आणि तिच्यावर अवसायक नेमला जातो. गावात या दोन गोष्टींची फार गल्लत होते आणि मग ठेवीदार उगाच घाबरतात. (नोकरीवरून काढलेल्या माणसाला मराठीत ‘बडतर्फ’ म्हणतात. त्यालाही ‘बरखास्त’ म्हणणं ही हिंदी बातम्यांची देणगी, ती आपण घेऊ नये.) तुमच्या भागीत वरून हुकूम देणारा कोणी नाही, म्हणून तो शब्द तिथे बसत नाही.

आता ‘विसर्जन’. घरच्यांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्याकडे हा शब्द ऐकला की गणपती आणि अस्थी हेच आधी डोळ्यांपुढे येतं. पण गणपतीचंच नीट पाहा. उत्तरपूजा होते, अक्षता वाहतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. विसर्जन तिथेच झालेलं असतं. आवाहन करून बोलावलेल्या देवाला निरोप दिलेला असतो. खाडीवर नेऊन सोडल्यावर पाण्यात जी विरघळते ती शाडू. कोकणात म्हणून तर लोक ‘गणपती बुडवले’ असं म्हणत नाहीत, ‘पोचवले’ म्हणतात. ‘वि’ आणि ‘सृज्’ मिळून अर्थ होतो सोडून देणे, मोकळं करणे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जो लॅटिन धातू आहे त्याचाही अर्थ सैल करणे, सोडवणे असाच आहे. एकमेकांशी काही देणंघेणं नसताना दोन्ही शब्द एकाच जागी पोचले आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. भागी मोडते तेव्हा घडतं तेही हेच: दोन माणसं एकमेकांच्या बांधिलकीतून मोकळी होतात. होडी तशीच नांगरलेली असते.

शिवाय हा शब्द रुळलेला आहे. बारावीच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकात ‘भागीदारी संस्थेचे विसर्जन’ हाच शब्दप्रयोग आहे. लोकसभा मुदतीआधी विसर्जित होऊ शकते, राज्यसभा कधीच होत नाही, तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. तेव्हा सरकारदरबारी कोणी हा शब्द पाहून बुचकळ्यात पडणार नाही.

‘विघटन’ही काहींनी सुचवलं असेल. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचं विघटन झालं, कचऱ्याचं विघटन होतं. एका वस्तूचे तुकडे सुटे होणं हा त्याचा भाव आहे, तुमच्या कामाचा नाही. ‘विच्छेद’ लग्नापुरता ठेवलेला बरा. त्यालाही बोलीत काडीमोड आणि सोडचिठ्ठी असे रोखठोक शब्द आहेत.

‘मोडली’ आणि ‘फुटली’ यांत मात्र फरक करा. दशावताराची कंपनी फुटली म्हणजे नटांचे दोन गट झाले, बहुधा भांडून, आणि दोन्ही गट वेगळे खेळ करू लागले. कंपनी मोडली म्हणजे खेळच थांबले. तुमची भागी मोडली, फुटली नाही.

आता शब्दाइतकंच महत्त्वाचं काही. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे, जाहीर सूचना देईपर्यंत एका भागीदाराने संस्थेच्या नावावर केलेल्या व्यवहाराची जबाबदारी दुसऱ्यावरही येऊ शकते. म्हणजे तुम्ही वेगळे झालात आणि जुन्या भागीदाराने बर्फ, डिझेल, जाळी उधारीवर उचलली, तर व्यापारी तुमच्याही दारात येऊ शकतो. ही सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायची असते. संस्था नोंदणीकृत असेल तर भागीदारी निबंधकांनाही कळवावं लागतं. मराठी शब्द अचूक हवा तो यासाठी. ‘एक भागीदार निवृत्त झाला’ असंही लिहू नका. तिघांतला एक निघाला तर उरलेले दोघे संस्था पुढे चालवू शकतात, दोघांतला एक गेला तर भागीदारी उरतच नाही.

मसुदा साधारण असा करा आणि वकिलांच्या नजरेखालून घाला:

‘आम्हा दोघांमधील भागीदारी संस्था दिनांक अमुक रोजी परस्पर संमतीने विसर्जित करण्यात आली आहे. सदर तारखेनंतर संस्थेच्या नावाने कोणीही व्यवहार करू नये. संस्थेकडून ज्यांचे येणे असेल त्यांनी पुराव्यासह खालील पत्त्यावर कळवावे.’

तारीख न विसरता घाला, आणि ‘येणे’ या शब्दापुढे कोणाचं, कोणाकडून हे स्पष्ट ठेवा. घाईत लिहिलेल्या नोटिशीत तिथेच उलटा अर्थ होऊन बसतो.