क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर साधा कापडी मास्क पुरतो का? नाकात खपली धरते, कधी रक्तही येतं.

नाही, अजिबात पुरत नाही, आणि खपली धरून रक्त येत असेल तर याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. क्रोमिक ॲसिडवर काम करता हे त्यांना आवर्जून सांगा. मी प्लेटिंग शॉपच्या सेफ्टीचं काम बघतो. करंट चालू असताना जॉबवर (प्लेटिंग होणाऱ्या वस्तूवर) हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, वर येऊन फुटतात आणि ॲसिडचा बारीक तुषार हवेत उडतो. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप असतं. त्याने नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होते. पुढे भोक पडलं तरी बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून माणसं अंगावर काढतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरचंही ते सिद्ध झालेलं कारण आहे. अमेरिकेत २००६ पासून कामाच्या हवेतली त्याची ८ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे, यावरून काय ते समजा.

खरा इलाज टाकीपाशीच आहे, तो मालकाकडे मागा:

- टाकीच्या काठालगत हवा ओढणारं एक्झॉस्ट. आजूबाजूला पिवळे-नारिंगी डाग साचत असतील तर ओढ कमी पडतेय.
- तुषार दाबणारं मिस्ट सप्रेसंट.

तोवर बारीक तुषार अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा रबरी हाफ मास्क वापरा. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही. हातमोज्यांना भोक नको, हातावरही खोल जखमा होतात.

एक मात्र बघा: बाथ (टाकीतलं द्रावण) ट्रायव्हॅलंट क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या कमी विषारी रूपाचा असेल तर धोका बराच कमी. ड्रमवरचं लेबल वाचा.